बॅस्टर्ड आउट ऑफ कॅरोलायना संपवलं आणि त्या आईला माफ करता येत नाहीये

सांजवेळ यांचा प्रश्न:

मंडळी, काल रात्री पावणेदोनला डॉरथी ॲलिसनचं हे पुस्तक संपलं आणि नंतर झोप काही लागली नाही. कुणाशी तरी बोलायचंच आहे म्हणून इथे लिहितेय. शेवट सांगणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबा.

ज्यांनी वाचलेलं नाही पण शेवट कळला तरी चालेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५०च्या दशकातलं ग्रीनव्हिल, साउथ कॅरोलायना. बोन नावाची मुलगी स्वतःची गोष्ट सांगते. तिचा जन्म झाला तेव्हा आई, ॲनी, अपघातामुळे बेशुद्ध होती, लग्न झालेलं नव्हतं, आणि आजी-मावशीला बापाचं नाव धड सांगता आलं नाही म्हणून जन्माच्या दाखल्यावर लाल अक्षरात 'अनौरस' असा शिक्का बसला. ॲनी तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. ती पोरगी पुन्हा पुन्हा कोर्टात चकरा मारते की शिक्का नसलेला दाखला द्या, आणि तिथला माणूस दर वेळी तोच दाखला तोच शिक्का मारून हातात देतो. मी तर तिथेच या आईच्या प्रेमात पडले. हॉटेलात वेट्रेस म्हणून दिवसभर उभी राहते, पोरींसाठी जीव टाकते, बोनने दुकानातून चॉकलेटं चोरली तर हाताला धरून परत नेते, पैसे भरायला लावते, माफी मागायला लावते. म्हणजे आपल्या पोरांना कुणाच्या तोंडून 'त्या तसल्या लोकांची' असं ऐकावं लागू नये यासाठी तिची सगळी धडपड.

आणि मग ती ग्लेनशी लग्न करते. ग्लेन बोनला मारतो, आणि मारण्याहून वाईट जे असतं तेही करतो. ॲनीला मारहाण तर कळते. ती पोरींना घेऊन निघून जाते, परत येते, परत निघते, परत येते. शेवटी त्या भयंकर हल्ल्यानंतर, स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिल्यानंतर, तो गाडीवर डोकं आपटून रडायला लागतो आणि ही बाई त्याला जवळ घेते. पोरगी रक्तबंबाळ पडलीये, बघतेय, आणि आई त्याला जवळ घेते.

मी पुस्तक मिटून ठेवलं. दहा मिनिटांनी परत उघडलं.

माझा प्रश्न असा की ही आई अशी का वागते हे तुम्हाला समजलं का? मला पटत नाही असं नाही म्हणत मी, उलट फार खरं वाटतं म्हणून त्रास होतोय. आणि दुसरं म्हणजे अमेरिकेतल्या लहान गावातल्या अशा मोडक्या घरांबद्दल चांगलं आणखी काय वाचावं? याआधी फक्त विंटर्स बोन वाचलंय. नुसता रक्तपात नको, ज्यात माणूस दिसतो असं सांगा.

---

पानगळ यांचं उत्तर:

सांजवेळ, तुमची पोस्ट वाचून ते पुस्तक परत कपाटातून काढलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी मुलगी आठ वर्षांची होती आणि मी अर्ध्यात सोडून दिलेलं, दोन वर्षांनी पूर्ण केलं.

माफ कसं करायचं हा प्रश्न मला वाटतं पुस्तक विचारतच नाही हो. बोनला कोणी सांगत नाही की आईला माफ कर. रेलीन मावशी, जी नदीकाठी एकटी राहते आणि शेवटी बोनला आपल्याकडे ठेवून घेते, ती फक्त पोरीजवळ बसून राहते. आणि शेवटी ॲनी एकदा येते, एक पाकीट हातात देते आणि जाते, कायमची. त्या पाकिटात काय असतं आठवतंय ना? जन्माचा दाखला. खाली शिक्क्याची जागा कोरी. म्हणजे पंधराव्या वर्षापासून ती बाई ज्याच्यामागे लागली होती तो कागद तिने मिळवला, आणि तो लेकीला देऊन लेकीलाच सोडून गेली. मला ते प्रेमही वाटतं आणि दगाही वाटतो, दोन्ही एकाच पाकिटात. मी अजून ठरवू शकलेले नाही आणि ठरवायचा हट्टही आता सोडलाय.

का वागते म्हणाल तर ग्लेनच्या घरचे आठवा. दूधडेअरीवाले, पैसेवाले, त्यांच्याकडे गेलं की ॲनीच्या पोरींकडे ते कसे बघतात. ग्लेन त्या घरातला नालायक ठरलेला मुलगा, एक नोकरी धड टिकत नाही, बापापुढे हात थरथरतात आणि तो सगळा राग बोनवर निघतो. आणि ॲनीचा पहिला नवरा, लाइल, तो भला माणूस होता, तो अपघातात गेला तेव्हा ती विशीतही नव्हती की काय इतकी लहान. तिला 'कुणाची तरी बायको' असणं म्हणजे त्या शिक्क्यावरचं औषध वाटत असणार. हे समर्थन नाही करत मी. पण तिने त्या माणसात स्वतःची अब्रू गुंतवली होती आणि तो वाईट आहे हे मान्य करायचं तर आपण परत त्याच शिक्क्यापाशी आलो हे मान्य करायचं, असं काहीतरी असावं.

ॲलिसनच्या स्वतःच्या आयुष्यातून हे आलंय हेही लक्षात घ्या. ती १९४९ साली ग्रीनव्हिललाच जन्मली, आई पंधरा वर्षांची, वेट्रेस, सावत्र बापाने छळलं आणि आई त्याच्याबरोबरच राहिली. हे तिने स्वतः उघडपणे सांगितलंय. कादंबरी आली १९९२ साली, म्हणजे बाई चाळिशी ओलांडून गेली होती. २०२४ मध्ये ती गेली. इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेली गोष्ट आणि तरी त्या आईला तिने राक्षसीण केलं नाही, चॉकलेटांचा प्रसंग लिहिला, तिचे थकलेले पाय लिहिले. मला तर हेच सगळ्यात कठीण वाटतं, कारण राक्षसीण केली असती तर आपल्याला सगळ्यांना झोप लागली असती.

---

मक्याचं_रान यांचं उत्तर:

मी ओहायोत राहते, नऊ वर्षं झाली. शहरापासून तासभर गाडी चालवली की तुम्ही म्हणताय ती गावं सुरू होतात, मका, सोयाबीन, मका, सोयाबीन, मग एक पाण्याची टाकी, त्यावर गावाचं नाव, मेन स्ट्रीटवर निम्म्या दुकानांच्या काचांना आतून कागद लावलेला, एक चर्च, दुसरं चर्च, एक स्वस्तातलं डॉलर स्टोअर आणि संपलं गाव. पहिली दोन वर्षं मला ते नुसतं शांत आणि सुंदर वाटायचं. मग पुस्तकं वाचायला लागले आणि त्या घरांच्या खिडक्यांकडे बघायची नजर बदलली.

तुम्हाला आयांबद्दल वाचायचंय तर शेरवुड अँडरसनचं वाइन्सबर्ग, ओहायो वाचाच. १९१९ सालचं. अँडरसन लहानपणी क्लाइड नावाच्या गावात राहिला त्यावरून ते गाव रचलंय, क्लाइड अजून आहे, तिथे वॉशिंग मशीनचा मोठा कारखाना आहे, आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून जाऊन आलो. त्यात एलिझाबेथ विलार्ड म्हणून बाई आहे, पडक्या हॉटेलच्या मालकाची बायको, आजारी, नवऱ्याशी बोलणं संपलेलं, मुलगा जॉर्ज एवढाच तिचा जीव पण त्याच्याशीही तिला धड बोलता येत नाही, दोघं संध्याकाळी खिडकीशी बसून राहतात नुसते. तिच्या बापाने मरताना तिला ८०० डॉलर दिलेले असतात, हे लग्न करू नकोस, हे घे आणि निघून जा म्हणून. ती जात नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते पैसे भिंतीच्या गिलाव्यामागे लपवते, पलंगाच्या पायथ्याशी, आणि वर गिलावा करून टाकते. पुढे तिला वाटतं हे जॉर्जला द्यायचे, तो तरी या गावातून सुटेल. आणि मग तिला झटका येतो, वाचा जाते, सहा दिवस ती फक्त डोळ्यांनी काहीतरी सांगायला बघते आणि मरते. पैसे भिंतीतच राहतात. जॉर्जला कधीच कळत नाही.

एवढंच. यात कुणी कुणाला मारत नाही. पण माझ्या डोक्यात ती भिंत कायमची राहिलीये. तुमचं ते पाकीट आणि ही भिंत मला जवळजवळची वाटली म्हणून सांगितलं.

आता थोडं वेगळं बोलते. या पुस्तकांमध्ये बापमाणसं अशी का होतात ते मला इथल्या कारखान्यांची गोष्ट कळल्यावर जरा उमगलं. यंग्जटाउन म्हणून पोलादाचं शहर आहे आमच्या राज्यात, लहान गाव नाही ते, पण गोष्ट तीच. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार, तिथल्या मोठ्या पोलाद कंपनीने एक अख्खा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं, पाच हजारांच्या आसपास माणसं घरी बसली. लोक अजून 'ब्लॅक मंडे' म्हणतात. आजोबा, बाप, मुलगा, सगळे एकाच फाटकातून आत जाणारे. त्या फाटकाला कुलूप लागलं की फक्त पगार नाही जात, घरात आपण कोण हेच जातं. याचा अर्थ बेकार माणूस पोरांना मारतो असा अजिबात नाही, हजारो घरांत कुणी हात उचलला नाही. पण ज्या घरात आधीच काही कुजत होतं तिथे मग ते झाकायला काही उरलं नाही. आणि घरं एकमेकांपासून लांब असतात हो इथे. रात्री ओरडलं तरी ऐकायला शेजारी नाही. किंवा ऐकतात आणि बोलत नाहीत, ते जास्त वाईट.

---

उलट_तपासणी यांचं उत्तर:

मला जरा वेगळं म्हणायचंय, राग नका मानू.

अशी पाच-सहा पुस्तकं ओळीने वाचली की असं वाटायला लागतं की अमेरिकेतलं प्रत्येक लहान गाव म्हणजे दारू, मेथची नशा, ट्रेलरमधलं घर आणि पट्ट्याने मारणारा बाप. तिथे गरीब असणं हाच जणू गुन्हा. शहरात सोफ्यावर बसून दुसऱ्याच्या दुःखाची सहल करायची, यात मला त्रास होतो. म्हणून मी एक कसोटी लावतो, लिहिणारा तिथला आहे का, आणि तिथला नसला तर निदान त्याने त्या लोकांच्या हाताला काम दिलंय का. म्हणजे माणसं फक्त दुःख भोगत बसलीयेत की काही करतायत, शिजवतायत, लाकूड तोडतायत, हिशेब करतायत.

विंटर्स बोन या कसोटीत उतरतं म्हणून ते तुम्हाला आवडलं असणार. डॅनियल वुड्रेल मिसुरीतल्या ओझार्क डोंगरांतलाच माणूस. सुरुवात आठवा, ओढ्यापलीकडे नातेवाइकांच्या झाडांना हरणाचं मांस टांगलंय, थंडी आहे, री म्हणजे नायिका, तिच्या घरात खायला नाही, धाकट्या भावाला वाटतं जाऊन मागावं आणि सोळा वर्षांची री त्याला सांगते की जे लोकांनी आपणहून द्यायला हवं ते मागायचं नाही. मग ती भावांना बंदूक धरायला शिकवते, खारी सोलायला शिकवते. बापाने जामिनासाठी घर आणि झाडं गहाण टाकलीत, तो तारखेला आला नाही तर घर जाणार, म्हणून ती त्याला शोधत दारोदार फिरते. किती साधा कायद्याचा पेच आहे आणि त्यातून सगळं पुस्तक उभं राहिलंय.

डोनाल्ड रे पोलॉकही वाचा, पण आत्ता लगेच नको, अजून काळोख होईल. हा माणूस ओहायोतल्या चिलिकोथीच्या कागद कारखान्यात ३२ वर्षं कामाला होता, पन्नाशी उलटल्यावर २००८ मध्ये पहिलं पुस्तक आलं, नॉकमस्टिफ, आणि हे त्याच्या जन्मगावाचंच नाव आहे, खरंखुरं गाव.

आईबद्दलच्या प्रश्नावर माझं मत पानगळ यांच्याहून कडक आहे. ॲनीने मूल सोडलं. कारणं समजली म्हणून हिशेब बदलत नाही. दाखला दिला, बरं केलं, पण बारा-तेरा वर्षांच्या पोरीला दाखल्याची नाही आईची गरज होती.

---

पानगळ यांचं उत्तर:

उलट तपासणी, हिशेब बदलत नाही हे मान्य. मी फक्त म्हणतेय की बोन तो हिशेब घेऊनच मोठी होणार आहे, आणि तिला तो कुणा वकिलासारखा मांडता येणार नाही. तिची आई आहे ती.

---

जांभळी_शाई यांचं उत्तर:

उशिरा आले पण राहवत नाहीये. एवढी चर्चा झाली आणि टोनी मॉरिसनचं नाव कुणीच घेतलं नाही! सगळी गोरी घरंच मोजली आपण. द ब्लूएस्ट आय, १९७०, तिचं पहिलं पुस्तक. पुन्हा ओहायोच, एरी सरोवराकाठचं लोरेन, पोलादाचंच गाव, मॉरिसन तिथेच जन्मली. आणि आईबद्दल विचारत असाल तर यातला एक प्रसंग मी सांगते, बाकी पुस्तकाचं नाही सांगत.

पेकोलाची आई पॉलीन एका गोऱ्या कुटुंबाकडे कामाला आहे. ते स्वयंपाकघर लखलखीत, पांढरंशुभ्र, आणि घरी स्वतःचं घर म्हणजे एका जुन्या दुकानाच्या जागेत फळ्यांचा आडोसा करून केलेलं, फाटका सोफा. पेकोला एक दिवस आईला भेटायला त्या स्वयंपाकघरात येते. ओट्यावर बेरीचा गरम गरम गोड पदार्थ नुकताच भट्टीतून काढून ठेवलाय. पोरगी बोट लावून बघते गरम आहे का, आणि भांडं खाली पडतं, जांभळा रस सगळीकडे उडतो, तिच्या पायांवर उडतो, भाजतं. आई धावत येते आणि भाजलेल्या पोरीला मारते. रसात घसरून पोरगी पडते तर उचलून परत मारते. माझी फरशी, माझी फरशी म्हणते. आणि तेवढ्यात त्या घरातली छोटी गोरी मुलगी रडायला लागते तर तिला जवळ घेऊन गप्प गप्प म्हणते, तुझ्यासाठी दुसरं करते म्हणते. ती छोटी मुलगी हिला 'पॉली' म्हणते. आणि पेकोला स्वतःच्या आईला काय म्हणते माहितीये? 'मिसेस ब्रीडलव्ह'. आडनावाने. स्वतःच्या आईला.

मी हे पहिल्यांदा बसमध्ये वाचलं होतं आणि दोन स्टॉप पुढे गेले.

आता सांजवेळ, तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की मॉरिसन पुढच्याच भागात पॉलीनचं लहानपण सांगते, तिचा अधू पाय, सिनेमातल्या नट्यांसारखे केस करून ती थिएटरात बसलेली असताना गोळी चावताना तुटलेला दात, लग्नातला सुरुवातीचा आनंद. आधी मारलेलं दाखवलं आणि मग ती कशी अशी झाली ते. मला वाटतं क्रमात सगळं आहे. आधी कारणं सांगितली असती तर आपण ते मारणं समजून घेतलं असतं आणि पेकोलाच्या भाजलेल्या पायांकडे बघायचंच राहिलं असतं. ॲलिसन उलटं करते, आधी आईवर प्रेम करायला लावते आणि मग तो शेवट. म्हणून तुम्हाला इतकं लागलंय. तुम्ही बोनच्या जागी बसलात, तिनेही आधी प्रेमच केलं होतं.

एक सूचना, पुस्तक पातळ आहे पण बापाकडून होणारा अत्याचार त्यात आहे, तयारीने वाचा. लागोपाठ नका वाचू.

---

मक्याचं_रान यांचं उत्तर:

जांभळी शाई, धन्यवाद, मी लाजले खरंच, ओहायोत राहून हे नाव मी घ्यायला हवं होतं.

अजून एक राहिलं म्हणून सांगते, जेन स्माइलीचं अ थाउजंड एकर्स. १९९१, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. आयोवातलं शेत, म्हातारा बाप तीन मुलींना जमीन वाटून द्यायचं ठरवतो, किंग लिअरचीच गोष्ट पण थोरल्या मुलीच्या, जिनीच्या तोंडून, आणि बापाने काय केलंय ते तिला स्वतःलाच हळूहळू आठवत जातं. यात काळोख जमिनीखालून येतो, अक्षरशः, ती सगळी जमीन पूर्वी दलदल होती, खाली नळ्या घालून पाणी काढून तिची शेतजमीन केलेली, आणि खतं-औषधं झिरपून विहिरीत. जिनीचे पाच गर्भ पडलेत आणि ती तेच पाणी पीत आलीये. शेजाऱ्यांना बाहेरून दिसतं ते फक्त नीटनेटकं शेत, रंगवलेलं कोठार, रविवारी चर्च.

---

सांजवेळ यांचं उत्तर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

जांभळी शाई, तुम्ही म्हणालात ना की मी बोनच्या जागी बसले, ते वाचून काल परत शेवटचं प्रकरण काढलं. पहिल्यांदा वाचताना रागात माझं लक्षच नव्हतं गेलं, बोन पाकीट आईसमोर उघडत नाही. आई गेल्यावर उघडते. म्हणजे ॲनीला तिचा चेहरा दिसलाच नाही, तो कोरा दाखला बघताना पोरीला काय वाटलं ते तिला कधीच कळणार नाही. आणि बोनलाही विचारता येणार नाही की हा कुठून मिळवलास, किती चकरा मारल्यास, त्या टेबलामागच्या माणसाने या वेळी काय म्हटलं. भिंतीतल्या ८०० डॉलरांसारखंच झालं की हो हे. इथे कागद पोचला एवढंच.

उलट तपासणी, तुमच्या बाजूने मी अजूनही अर्धी आहे.

द ब्लूएस्ट आय मागवलंय. पण आधी पंधरा दिवस दुसरं काहीतरी वाचणार, सांगितल्याप्रमाणे.